आवळलेला नळ

बर्फ धरला होता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि पाईप फुटला होता मोरीजवळ. म्हणजे चांगला सात फूट लांब, तोही घरातल्या सगळ्यात उबदार भिंतीत. काटा एका पायात आणि लंगडतोय दुसराच पाय, असला हा प्रकार. यमुना करांडेला मात्र यात गंमत वाटत नव्हती. अकरा वर्षांची ती पोर भिंतीला पाठ लावून उभी होती. पाईप भलत्याच ठिकाणी फुटला, म्हणजे आपली चूक नाही असं धरायचं का, एवढंच ती मनात चाचपून पाहत होती.

आधी घर कुठलं ते सांगायला हवं. हे घर मंगळावरचं. वस्तीचं नाव नवं म्हसवड. बावीस घरं, सगळी जमिनीखाली, एका लांब बोगद्याच्या दोन्ही अंगांना. वर मातीचा जाड थर आणि त्याच्यावर उणे साठ अंशांची थंडी. या वस्तीसाठी माणसं निवडताना मोठमोठ्या परीक्षा झाल्या, आणि शेवटी माणदेशातली कुटुंबं उचलली गेली. कारण सरळ होतं. जिथे पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहण्यात गेल्या, तिथली माणसं तांब्याभर पाण्यात तोंड धुतात, त्यातच फडकं पिळतात आणि उरलेलं झाडाला घालतात. मंगळावर पाणी म्हणजे जमिनीखालचा बर्फ खणायचा, वितळवायचा, गाळायचा आणि घरोघर मोजून द्यायचा. तिथे अशीच माणसं हवी होती. निवड चुकली असं मी म्हणणार नाही. फक्त, कडाक्याच्या थंडीत पाईप काय करतो आणि माणदेशी माणूस नळाला काय करतो, या दोन गोष्टी एकदम विचारात घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

माणदेशी माणूस नळ आवळतो. नुसता बंद करत नाही, आवळतो. दिवेलागणीला घरातलं एक पोर फडकं घेऊन नळापाशी जातं, फडकं चावीभोवती गुंडाळतं आणि दोन्ही हातांनी असा पीळ देतं, की एक थेंब खाली येऊ नये. सातव्या वर्षी हे काम पोराकडे येतं आणि त्या दिवशी घरात गोड करतात. यमूला हे काम आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी शिकवलं होतं. आबा वस्तीचे जलतज्ज्ञ. बावीस घरांची पाइपलाइन त्यांनी स्वतः आखलेली. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आणि तेव्हापासून ते मोरीशेजारच्या खोलीत डायलिसिसच्या यंत्राला (मूत्रपिंडांचं काम बाहेरून करणारं, रक्त धुऊन परत देणारं यंत्र) आठवड्यातून तीनदा जोडले जात. एका वेळेला यंत्राला शंभर लिटर पाणी लागे. त्या शंभर लिटरवर आबांचा जीव होता, हे यमूला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि मग धुळीचं वादळ आलं. मंगळावरची वादळं आठवड्यांच्या हिशेबाने चालतात. सूर्य तांबूस डागाएवढा उरला, सौरपट्ट्यांमधून वीज येईनाशी झाली. बर्फ खणणारी यंत्रं थांबली. यमूचे बाबा तिकडे खाणीवरच अडकले. वीज वाचवायची म्हणून पाईपांभोवतीच्या तापपट्ट्या (पाईपला गुंडाळलेल्या, विजेने गरम राहणाऱ्या पट्ट्या) जवळजवळ बंद केल्या.

तेव्हा घोरपड घरोघर सांगत फिरली. ही घोरपड म्हणजे वस्तीचा पाईप तपासणारा यंत्रमानव. हातभर लांब, चार पायांची. भिंतीला चिकटून चढायची आणि पोट पाईपला लावून आतला आवाज ऐकायची. बोलणं तुटक, पण नेमकं. तिने प्रत्येक घरी सांगितलं, की आजपासून नळ रात्रंदिवस बारीक टपकत ठेवायचा. खाली घमेलं ठेवायचं, साठलेलं पाणी परत टाकीत ओतायचं, वाया काही जात नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. का टपकत ठेवायचा, ते कुणी विचारलं नाही, आणि घोरपडीला विचारल्याशिवाय बोलायची सवय नव्हती.

आता तुम्हीच सांगा, सात वर्षांची असल्यापासून जी पोर नळ आवळत आली, तिला ते टप टप कसं सोसावं? यमूने एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांचा श्वास जड झाला होता, पायांवर सूज होती. सकाळी त्यांना यंत्राला जोडायचं होतं, टाकीत एकशे तीस लिटर होतं, आणि पलीकडे मोरीत थेंब गळत होता. तिला वाटलं, थेंबाथेंबाने आबाच चाललेत. ती उठली, फडकं घेतलं आणि नळ आवळला. आवाज थांबला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की ती लगेच झोपून गेली.

सकाळी नळाला पाणी नाही. आईने भिंत हाताने चाचपत नेली, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे भिंत बाहेरच्या मातीला लागते, तिथे हात चिकटेल इतका गार लागला. पाईप गोठलाय, हे आईने ओळखलं. घोरपड बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला होती. आईने शेकायची गरम पिशवी आणली आणि कोपऱ्याला लावून ठेवली. आता वितळेल, म्हणाली. वितळलं खरंच. पण पाणी नळातून आलं नाही. मोरीजवळच्या भिंतीतून, आतल्या आत, कढई उपडी झाल्यासारखा आवाज आला आणि थांबेना.

आबा आतून ओरडले, "मोठा कॉक बंद करा!"

मोठा कॉक म्हणजे टाकीतून घरात येणारं सगळं पाणी अडवणारी मुख्य चावी. ती होती ज्वारीच्या कोठीमागे. कोठी ओढायला दोघींना किती वेळ लागला असेल याची कल्पना करा. आणि कोठी हलली तर कॉक हलेना. तीन वर्षांत त्याला कुणी हातच लावला नव्हता, तो जागच्या जागी धरून बसला होता. शेवटी आबाच आले, भिंत धरत, सुजल्या पायांनी. पाना लावून त्यांनी कॉक फिरवला आणि तिथेच खाली बसले. तोवर टाकीत अठरा लिटर उरलं होतं. बाकीचं पाणी भिंतीमागच्या पोकळीत जाऊन पुन्हा गोठायला लागलं होतं.

घोरपड आली ती यानंतर. तिने भिंतीवरून दोनदा फेरी मारली, पत्रा उचकटला आणि सांगितलं, "बर्फ धरला कोपऱ्यात. पाईप फुटला मोरीपाशी. नळाच्या अलीकडे दोन हात."

पाईपला लांबट चीर पडली होती, पावट्याची शेंग तडकते तशी. आई म्हणाली, पाईपच बोगस आला असणार. गोठला एकीकडे आणि फुटला दुसरीकडे, हा पाईपचाच दोष. यमूच्या जिवात जीव आला. तशी ती लबाड पोर नव्हती हो, पण त्या घडीला तिला कुणीही, अगदी पाईपनेसुद्धा, दोष घेतला असता तर हवा होता.

आबांनी मान हलवली. त्यांनी यंत्राशेजारच्या डब्यातली एक स्वच्छ सिरिंज मागितली, सुई नसलेली. तिच्यात पाणी ओढलं, वर धरून आतला हवेचा बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढला आणि यमूच्या हातात दिली. सिरिंजच्या टोकावर तिला अंगठा दाबून धरायला लावला. हा अंगठा म्हणजे बंद नळ, ते म्हणाले, आता दुसऱ्या हाताने दट्ट्या दाब. यमूने दाबला. दट्ट्या तसूभर हलला नाही. अजून जोर लावला, तरी नाही. हवा दाबली की लहान होते, आबा सांगत होते, तिचे कण लांब लांब असतात, जवळ सरकायला जागा असते. पाण्याचे कण आधीच एकमेकांना खेटून असतात. म्हणून पाणी असंपीड्य (दाबून लहान न होणारं) असतं. त्याला जागा पाहिजे म्हणजे पाहिजे.

"अजून दाब," आबा म्हणाले.

यमूने दट्ट्या छातीला टेकवून रेटला. अंगठा निसटला आणि पाण्याची चिळकांडी समोरच्या भिंतीवर गेली.

मग आबांनी दमादमाने पुढचं सांगितलं. पाणी गोठताना आक्रसत नाही, उलट फुगतं. दहा लिटर पाण्याचा जवळजवळ अकरा लिटर बर्फ होतो. कोपऱ्यात बर्फाचं बूच बसलं. ते वाढत गेलं, पाईपच्या दोन्ही बाजूंना. टाकीकडच्या बाजूला पाणी मागे सरून टाकीत गेलं, तिथे अडचण नव्हती. पण नळाच्या बाजूला? तिथे बर्फ दट्ट्यासारखा पाण्याला ढकलत राहिला आणि पाण्याला जायला वाट नव्हती. दाब वाढत वाढत जिथे पाईप सगळ्यात कच्चा होता तिथे तो फाटला. मग ती जागा उबदार का असेना. पाईप रात्रीच फुटला होता, पण कोपऱ्यातल्या बर्फानेच टाकीचं पाणी अडवून धरलं होतं, म्हणून कळलं नाही. सकाळी तो वितळला आणि वाट मोकळी झाली.

"म्हणजे बर्फाने नाही फोडला?" यमूने विचारलं.

"बर्फाने ढकललं. फोडला कोंडलेल्या पाण्याने. नळ टपकत असला की ढकललेलं पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं आणि दाब चढत नाही. म्हणून तर टपकत ठेवायचा." आबा थांबले. "यमे, नळ टपकत होता ना?"

यमूच्या ओल्या अंगठ्यावर सिरिंजचा गोल वळ उठला होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली. पाईप भलत्याच जागी फुटला होता तो बरोबर तिच्यामुळेच, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी आवळला."

आबांनी तिच्या हातातली सिरिंज काढून घेतली.

"फडक्याने?" त्यांनी विचारलं.

"फडक्याने. दोन्ही हातांनी."

"मग चांगलाच आवळला असशील. मीच शिकवलंय."

ते रागावले असते तर यमूला रडता तरी आलं असतं. पण आबांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते दाराकडे, बोगद्याकडे बघत होते. इथे आपण एकटेच माणदेशी नाही, असं काहीतरी ते पुटपुटले आणि एकदम त्यांनी घोरपडीला विचारलं, किती घरांत नळ टपकतायत? घोरपड म्हणाली, विचारलं तेव्हा बावीसही घरांनी टपकतोय असं सांगितलं.

"विचारू नको. ऐक जाऊन," आबा म्हणाले. "आणि यमे, तूही जा. कुणी भिंत शेकायच्या आधी पोच."

वीज वाचवायची म्हणून वस्तीचा भोंगाही बंद होता. यमू घोरपडीला खांद्यावर घेऊन बोगद्यातून पळत सुटली. पहिलं घर द्वारकाकाकूंचं. काकू दारातच म्हणाल्या, आमचा टपकतोय हो, सांगितलं तसं ठेवलंय. पण त्यांच्या पाठीमागे मोरीत नळावर फडकं तसंच गुंडाळलेलं होतं आणि चुलीवर पाणी तापत होतं. यमूच्या लक्षात आलं, की आपण आधी आपलं सांगितल्याशिवाय इथे कुणी आपलं सांगायचं नाही. तिने सांगितलं. मी नळ आवळला, म्हणून आमचा पाईप फुटला, आबांचं पाणी गेलं. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्याने तापलेलं पाणी खाली उतरवलं.

हेच वाक्य यमूने त्या दिवशी एकवीस घरी म्हटलं. पाचव्या घरापर्यंत आवाज कापत होता, पुढे कापायचंही राहिलं. नऊ घरांचे पाईप गोठलेले निघाले. तिथे तिने आबांनी निघताना सांगितलं तसं करवून घेतलं. आधी मोठा कॉक बंद. मग नळ उघडा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला वाट. मग गरम पाण्यात पिळलेली फडकी पाईपला गुंडाळायची, ती नळाच्या बाजूने सुरुवात करून कोपऱ्याकडे सरकत. मधूनच तापवलं तर दोन बर्फांच्या मध्ये पाणी कोंडतं. आणि जाळ, शेगडी पाईपजवळ न्यायचीच नाही. नऊपैकी तीन पाईप आधीच तडकले होते, पण कॉक बंद असल्याने तांब्याभर पाण्यावर निभावलं. चिरेवर जुन्या रबराची पट्टी घट्ट गुंडाळून वरून पत्र्याची पकड आवळली, की पाईप तात्पुरता चालत होता. एका घरी मात्र, बोगद्याच्या शेवटच्या वळणावर, ती पोचली तेव्हा भिंतीतून तोच कढई उपडी झाल्यासारखा आवाज येत होता. त्या घरात तान्हं बाळ होतं. यमू उंबऱ्यावरच थबकली. मग ती कॉककडे धावली, पण टाकी जवळजवळ रिकामी झाली होती.

इकडे शेजारच्या बायका खुरपी आणि पराती घेऊन करांड्यांच्या भिंतीमागच्या पोकळीत उतरल्या होत्या. गोठलेलं पाणी खरवडून, वितळवून, गाळून टाकीत आलं. ज्याला जमलं त्याने घरचं दोन तांबे आणून ओतलं. बाळाच्या घराचा वाटा आधी काढून ठेवला, त्यावर आबा अडून बसले होते. एवढं करून आबांच्या यंत्रासाठी अठ्ठ्याहत्तर लिटर जमलं. शंभर काही झालं नाही.

यंत्र एक दिवस उशिरा आणि तासभर कमी चाललं. आबा पुन्हा पहिल्यासारखे झाले, असं मी सांगणार नाही, कारण झाले नाहीत. वादळ आणखी सव्वीस दिवस चाललं आणि प्रत्येक वेळी पाणी कमीच पडत गेलं. आबांच्या पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली. श्वास लागतो म्हणून ते बसूनच झोपायचे. मोरीपर्यंतसुद्धा त्यांना धरून न्यावं लागे. यमू शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसे, आणि मधल्या भिंतीपलीकडे नळ टपकत असे. ती कान झाकून घ्यायची, पण नळाला हात लावत नव्हती.

पंधराव्या दिवशी ती सिरिंजा धूत होती. एकीत पाणी भरलं, पण बुडबुडा काढायचा राहिला. टोकावर अंगठा ठेवून तिने उगाच दट्ट्या दाबला, आणि दट्ट्या आत गेला. तिने सोडला, तो मागे आला. बुडबुडा लहान व्हायचा, परत मोठा व्हायचा, आणि अंगठ्याला फारसा जोर जाणवायचा नाही.

ती तशीच सिरिंज घेऊन आबांकडे गेली आणि म्हणाली, "आबा, पाईपमध्ये हवा कोंडून ठेवली तर? नळ बंद असला तरी पाण्याला सरकायला जागा मिळेल."

आबांनी सिरिंज डोळ्यांजवळ नेली. मोकळी हवा चालणार नाही, ती हळूहळू पाण्यात विरघळून जाते, ते म्हणाले. मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. तिथे रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा पडला होता. तो हवा भरून, तोंड बंद करून, त्यांनी एका जाड पारदर्शक नळीत बसवायला सांगितला. घोरपडीने ती नळी मोरीजवळ, नळाच्या अलीकडे पाईपला जोडली. थंडीत रबर कडक होतं, तिने बजावलं. मोरी उबदार आहे, यमू म्हणाली, फुटला होता तो उबेतच.

आता ते चालतं का हे बघायचं, तर नळ बंद करून पाईप गोठू द्यायला हवा होता. आबांनी कोठीमागचा कॉक आधी जवळजवळ पूर्ण फिरवून घेतला. पाणी मागे टाकीत सरकायला जेमतेम वाट ठेवली, म्हणजे पाईप फुटलाच तरी टाकी रिकामी होणार नव्हती. कॉक आता बोटाने फिरत होता, यमू रोज फिरवून ठेवायची. मग संध्याकाळी ते तिला धरून मोरीत आले आणि फडकं तिच्यापुढे केलं.

"आवळ," ते म्हणाले.

यमूने फडकं घेतलं, चावीभोवती गुंडाळलं, पण तिला काही केल्या पीळ देता येईना. आबांनी आपला सुजलेला, जड हात तिच्या हातांवर ठेवला. दोघांनी मिळून नळ आवळला. टप टप थांबलं. या वेळी यमूला झोप लागली नाही.

सकाळी घोरपड भिंतीवर चढली. कोपऱ्यापाशी थांबली, पोट टेकवून ऐकलं, मग सात फूट सरकत मोरीपर्यंत आली आणि पुन्हा मागे गेली.

"कोपऱ्यात बर्फ आहे," ती म्हणाली. "पाईप शाबूत आहे."

यमू नळीपुढे गुडघे टेकून बसली. रात्री पेरूएवढा होता तो फुगा आता चेपून सुपारीएवढा झाला होता. तिने आबांना वाकून बघायला मदत केली. त्यांनी नळीवर बोट ठेवलं, श्वास जमवला.

"एवढं ढकलत होता तर," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "एकवीस फुगे लागतील. रबर कुठून काढायचं ते बघ. आणि शेवटच्या वळणावरच्या घरी पहिला बसव."

यमू उठली. वादळाचे अजून अकरा दिवस होते, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने पिशवीत पाना घेतला, रबराची जुनी नळी घेतली, घोरपडीला खांद्यावर बसवलं. दारापाशी गेल्यावर आतून आबांचा दमलेला आवाज आला. आपला बर्फ नीट वितळव आधी, नळाच्या बाजूने. ती परत आली. तिने कोठीमागचा कॉक उरलेला फिरवून बंद केला, नळ उघडला आणि गरम फडकं पिळायला घेतलं.